माहेरची माती आणि टाकीवाली कुंडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, मे महिन्यात गावी जाणाऱ्यांसाठी म्हणून, सेल्फ-वॉटरिंग, म्हणजे पोटातल्या टाकीतून आपलं आपण पाणी घेणाऱ्या, कुंड्यांवर अर्धं पान मजकूर होता. फोटो सुरेख होते. कुंडी केवढी घ्यावी, कोणता रंग गॅलरीला शोभेल, टाकीतलं पाणी किती दिवस पुरतं, सगळं होतं. कुंडीत भरायचं काय, याला मात्र एकच ओळ दिली होती: नेहमीप्रमाणे एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट. मी चष्मा काढला, पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली. दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा 'नेहमीप्रमाणे'च कुंड्या भरल्या होत्या आणि चारातली तीन झाडं घालवली होती. हे पत्र त्या एका ओळीपुरतं आहे. लांबणार हे मला माहीत आहे. कापायचं तर खुशाल कापा, फक्त कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, धुण्याचा भाग ठेवा.

मी कुणी शेतीतज्ज्ञ नाही. एका शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. प्रयोगाआधी परीक्षानळ्या मांडायच्या आणि प्रयोगानंतर फुटलेल्या मोजायच्या, हे माझं काम. आता कोथरूडला पाचव्या मजल्यावर राहते. गॅलरी पश्चिमेची, म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर तिथे उभं राहवत नाही. लेकीने वाढदिवसाला चार कुंड्या मागवून दिल्या. वर झाडाचं भांडं, खाली साडेतीन लिटरची टाकी, भांड्याच्या बुडाला पेल्याएवढा भोकाभोकांचा पोकळ पाय, तो टाकीत उतरलेला. बाजूने पाणी ओतायचं तोंड आणि पाणी किती आहे ते दाखवणारी लाल काडी. आमच्या घरात तिचं नाव टाकीवाली कुंडी.

माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. धाकट्या भावाला सांगितलं तर त्याने गाडीतून दोन पोती माती आणून टाकली. काळी, लोण्यासारखी. "आक्का, आपल्या मळ्यातल्या मातीत काय उगवत नाही ते सांग," असं वर म्हणाला. मला काय, आनंदच. माती, घरचं शेणखत आणि वरून मूठभर कोकोपीट घालून चारी कुंड्या दाबून भरल्या. दोन तुळशी, एक मिरची, एक मनी प्लांट. टाक्या काठोकाठ भरल्या आणि पुतण्याच्या लग्नाला बारा दिवस गावी गेलो.

परत आलो तेव्हा वरची माती इतकी भेगाळली होती की भेगेत करंगळी जात होती. टाकीची लाल काडी मात्र जेमतेम दोन बोटं खाली आलेली. म्हणजे खाली पाणी शिल्लक आणि वर दुष्काळ! तुळशींची पानं पिवळी पडून गळलेली, मिरची माना टाकून बसलेली. मनी प्लांट तेवढा जगला, पण मनी प्लांट कशातही जगतो, ती काही साक्ष नव्हे. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुळस अशी वाळणं बरं नाही, घराची दिशा एकदा तपासून घ्या. मी दिशा नाही तपासली, कुंडी उलटी केली.

आपलाच जुना अंक जमिनीवर पसरून त्यावर पंचनामा केला. वरची चार बोटं माती ढेकळासारखी कडक. मधली बरी. खालची निळसर काळी, चिखल, आणि तिला गटाराचा वास. तुळशीचं मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल सुटून हातात आलं आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहिला. मुळाचा दम कोंडला आणि मग ते कुजलं, याचं हे लक्षण. वरची मुळं तहानेने गेली, खालची बुडून गेली. एकाच कुंडीत, एकाच आठवड्यात.

भावाला फोनवर सांगितलं तर त्याला माझ्या हाताचाच दोष वाटला. त्याचंही चूक नाही. शेतात तीच माती सोनं आहे. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकाची. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. शेतात त्या भेगांतूनच हवा खाली जाते, आणि पाऊस जास्त झाला तर खालची पाच-सहा फूट माती जादा पाणी ओढून घेते. कुंडीत खाली माती कुठे आहे? एक वीत गेलं की प्लास्टिक लागतं आणि पाणी तिथेच थांबतं. टाकीवाल्या कुंडीत तर बुडाला सदासर्वकाळ पाणी टेकलेलं असतं. तिथे बारीक कणांची माती म्हणजे तोंडावर ओली घडी ठेवून श्वास घ्यायला सांगण्यासारखं.

आता हे पाणी वर चढतं कसं? समईत तेल खाली असतं आणि ज्योत वर, मधली वात तेल ओढते. शाळेत याला केशाकर्षण म्हणायचो. वेगवेगळ्या छिद्रांच्या काचेच्या नळ्या रंगीत पाण्यात उभ्या करायच्या. छिद्र १ मिलिमीटरचं असेल तर पाणी जेमतेम ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरचं असेल तर ३० पर्यंत. छिद्र जितकं बारीक, तितकं पाणी उंच. पण बारीक छिद्रातून पाणी सावकाश जातं, ही दुसरी बाजू मुलं परीक्षेत हमखास विसरायची आणि कुंडी भरताना मीही विसरले. काळ्या मातीतली छिद्रं अतिबारीक. पाणी वर येतं, पण कोथरूडच्या मे महिन्यातलं ऊन वरून जेवढं उडवतं तेवढ्या वेगाने येत नाही. म्हणून वर भेगा, खाली चिखल. तेव्हा या कुंडीत जे भरायचं ते झाडाचं अंथरूण नुसतं नाही, तीच वात आहे. विकत घेतलेल्या कुंडीच्या डब्यावर हे कुठेच छापलेलं नव्हतं.

मग मी जुनी सवय काढली. एक लिटरच्या सहा बाटल्यांची बुडं कापली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, उलट्या धरून सहा वस्तू भरल्या आणि दोन बोटं पाणी असलेल्या परातीत उभ्या केल्या. यजमान म्हणाले, आज कणीक कशात मळणार? त्या दिवशी भात केला.

बांधकामाच्या वाळूत ओल चार बोटं चढली आणि थांबली, दुसऱ्या दिवशीही तिथेच. विटांच्या तुकड्यांत पाण्याला टेकलेला थर भिजला, त्याच्या वरचा थोडा, पुढे काही नाही. भाताचं कोरडं तूस तर पाण्याला विचारेचना. काळी माती पहिल्या तासात दोन बोटं, दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर. रसवंतीवाल्याकडून आणलेल्या उसाच्या चिपाडांनी गंमत केली: चार दिवसांत बाटलीतला थरच दोन बोटं खाली बसला आणि आंबूस वास सुटला. आधी हलकं ओलसर करून भरलेलं कोकोपीट मात्र संध्याकाळी परातीत ठेवलं आणि सकाळी वर तळहात टेकवला तर गार लागला.

चिपाडांचं मला वाईट वाटलं, कारण ती आपल्याकडची जुनी वाट आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं नि पालापाचोळा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून गच्चीवर भाजीपाला घेतला. आमच्या बाजूला कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने घरच्या ओल्या कचऱ्यातून, पाल्यातून माती घडवायला लोकांना शिकवलं. मातीवाचून झाड हे काही परदेशी खूळ नाही, एवढंच सांगायचं. पण ती पद्धत वरून पाणी घालायची आहे. वरून पाणी आलं की ते जाताना मागे ताजी हवा ओढून नेतं. इथे पाणी खालून येतं आणि कुजणारी वस्तू बुडाशी बसते. दोन्हींची सरमिसळ केली की फसगत.

तर कोकोपीट. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो भुसा उरतो तो. माझं सासर गुहागरकडचं. सासूबाई होत्या तोवर सोडणं बंबात जायची, नाहीतर अळवाच्या मुळाशी टाकायची. मी पुण्यात पाच किलोची वीट पैसे मोजून आणते असं कळलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "सोडणं? विकत?" आता ही पाच किलोची वीट पाण्यात फुलून साधारण साठ-सत्तर लिटर होते. लहान ६५० ग्रॅमची आठ-नऊ लिटर. आमच्या टाकीवाल्या एका कुंडीला दहा लिटर भुसा लागतो, त्यामुळे मोठी वीटच परवडते.

आणि इथे तो धुण्याचा भाग, जो कापू नका म्हटलं. काथ्यासाठी सोडणं कुजवतात ती पुष्कळदा खाडीच्या, मचूळ पाण्यात. मुळात नारळ किनाऱ्यावरचा. त्यामुळे भुशात मीठ असतं. साध्या कुंडीत रोज वरून पाणी घालताना ते मीठ बुडाच्या भोकातून वाहून जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. टाकीवाल्या कुंडीत पाणी फक्त वर चढतं. वर येऊन पाणी उडून जातं, मीठ जागेवर राहतं. महिन्या-दोन महिन्यांत वरच्या थरावर पांढरी साय धरते, पानांच्या कडा करपतात, आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं, आणखी ओता.

पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची काडी असते, तसली एक मी घेतली. आमच्या नळाचं पाणी नव्वदच्या आसपास. विटेचं पहिलं धुवण काळ्या चहासारखं निघालं आणि काडीने दीड हजाराच्या वर आकडा दाखवला. जुन्या सुती ओढणीत बांधून, बादलीत बुचकळून, पिळून, पाचव्या पाण्याला तो अडीचशेवर आला. तिथे मी थांबते. ही मेहनत गॅलरीत करू नका, खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पाणी गेलं तर पुढचं पत्र सोसायटीला लिहावं लागतं. माझं लिहून झालं आहे.

नुसत्या पाण्याने सुटं मीठ जातं. भुशाच्या कणांना चिकटून बसलेलं सोडियम नि पोटॅशियम जात नाही, त्याला कॅल्शियमनेच हुसकावावं लागतं. खतांच्या दुकानात कॅल्शियम नायट्रेट मिळतं. मी १० लिटर पाण्यात २० ग्रॅम विरघळवून भुसा रात्रभर भिजत घालते, सकाळी पिळते आणि एकदा साध्या पाण्यातून काढते. हे केलं नाही तर झाडाला जे कॅल्शियम द्याल त्यातला हिस्सा आधी भुसाच गिळतो. ज्यांच्या टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो त्यांनी दरवेळी औषधाची बाटली शोधू नये, एकदा भुशाकडेही बघावं. पिशवीवर 'धुतलेलं' असं छापलेलं असतं. मी तीन वेगवेगळ्या पिशव्या काडीने पाहिल्या. एकच धुतलेली निघाली.

नुसतं कोकोपीट भरून भागतं का? पहिला महिना छान जातो. मग ते बसतं. कोकोपीट पाणी धरतं तसं ते दाबलंही जातं, आणि दाबलं की हवेची जागा संपते. हवा किती आहे हे घरी मोजता येतं, आणि मला वाटतं सबंध पत्रात उपयोगाचं काही असेल तर हेच. एक लिटरचं भांडं घ्या, बुडाला चार भोकं पाडून ती चिकटपट्टीने बंद करा. तुमचं मिश्रण, जसं कुंडीत भराल तसं, काठापर्यंत भरा. हळूहळू पाणी ओता, वर चमकायला लागेपर्यंत. अर्धा तास थांबा, खाली गेलं तर पुन्हा भरा. मग भांडं पातेल्यावर ठेवून पट्टी काढा आणि निथळलेलं पाणी मापून बघा. जेवढं पाणी निथळलं तेवढी हवेला जागा. माझ्या पहिल्या, सांगलीच्या मिश्रणातून एका लिटरला ४० मिलिलिटरसुद्धा निघालं नव्हतं. आता १८० ते २०० निघतं. शंभराच्या खाली आलं तर मी ते मिश्रण टाकीवर चढवत नाही.

ती जागा करायला बाजारात परलाइट मिळतं. ज्वालामुखीची काच भट्टीत फुलवतात, लाह्यांसारखी. हलकं, स्वच्छ, काम चोख. पण महाग, आणि पाऊस पडला की तरंगून गॅलरीभर होतं. कामवाल्या मावशींना ते थर्माकोल वाटलं, त्यांनी सुपलीभर केरात भरलं. कोरडं असताना त्याची धूळ उडते, पाणी शिंपडूनच हाताळावं. मी आता मावळातल्या भातगिरणीतून तूस आणते आणि ते अर्धवट जाळते. काळं व्हायला हवं, पांढरी राख नको. राख झाली की ती बारीक, शिवाय खारट, म्हणजे आपण ज्यासाठी धुतलं तेच परत घातलं. काळं तूस हलकं राहतं, लवकर कुजत नाही आणि दाबलं जात नाही. जाळायला गाव लागतं, पुण्यात हा उद्योग करू नये. भावाच्या मळ्यात एका दुपारी दोन पोती करून घेते, तेवढी वर्षभर पुरतात. त्याला वाटतं बहीण आता मातीऐवजी कोळसा न्यायला येते.

माझं प्रमाण असं: धुतलेलं कोकोपीट सहा घमेली, काळं तूस किंवा परलाइट दोन, चाळलेलं गांडूळखत दोन. शेणखत नाही. पूर्ण कुजलेलं म्हणून जे मिळतं ते क्वचितच पूर्ण कुजलेलं असतं आणि टाकीच्या ओलीत त्याचं उरलेलं कुजणं तिथेच सुरू होतं. गांडूळखतही दोनाचं चार केलं की बारीक गाळ होऊन छिद्रं बुजतात. निंबोळी पेंड मूठभर, वरच्या भागात. हे सगळं भरण्याआधी मुठीत दाबल्यावर लाडू वळावा पण पाणी गळू नये इतपत ओलं करायचं. कोरडं भरलं तर वात पेटतच नाही, म्हणजे पाणी चढत नाही, कारण कोरड्या भुशाला पहिलं पाणी घ्यायला जड जातं.

त्या भोकाभोकांच्या पायाबद्दल. त्यात फक्त भुसा, खत अजिबात नाही, आणि तो बोटाने नीट बसवायचा. मध्ये पोकळी राहिली तर वात तुटली. आपल्या सगळ्यांना कुंडीच्या तळाशी खापरी ठेवायची, चार दगड घालायची सवय आहे. इथे ती सवय घातक, कारण दगडांच्या मोठ्या फटींतून पाणी वर उडी मारत नाही. खरं तर साध्या कुंडीतही दगडांचा थर घातल्याने निचरा सुधारत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, थेंब थांबेपर्यंत. मग तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. ओल बुडाशी एका ठरावीक उंचीपर्यंत साचून राहते, स्पंज आडवा असो की उभा. दगड घातले की ती उंची दगडांच्या वर सरकते, झाडाच्या वाट्याची जागा कमी होते, बाकी काही नाही. उथळ कुंडी म्हणूनच जास्त दलदलीची.

ज्या कुंडीला पाय नसतो, दोरीची वात असते, तिची गोष्ट थोडक्यात. मी हौसेने समईची कापसाची वात घातली, दोन महिन्यांत कुजून गेली. नायलॉनची गुळगुळीत दोरी पाणी ओढत नाही. जुन्या पॉलिएस्टर साडीची, बोटभर रुंद, पिळलेली चिंधी मात्र दोन वर्षं टिकली आहे. कोणती वात चालते ते शाईच्या पाण्यात लोंबकळवून बघावं, रंग वीतभर चढला तर ती कामाची.

मिश्रण कितीही चांगलं केलं तरी मीठ साठणारच, खतातूनही आणि पाण्यातूनही. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांच्याकडे लवकर. मी महिन्यातून एकदा टाकी सोडवते, आतलं भांडं न्हाणीघरात नेते आणि वरून दोन बादल्या पाणी जाऊ देते. आणि टाकी रिकामी झाल्याझाल्या भरत नाही, एक-दोन दिवस जाऊ देते, मुळांना हवा मिळते. 'भरा आणि विसरा' अशी जाहिरात असते खरी. विसरायचं असेल तर प्लास्टिकची फुलं आणावीत.

विसरण्यावरून आठवलं, आपल्या मजकुरात डासांचा शब्दही नव्हता. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. साडेतीन लिटरची अंधारी, गार टाकी, वर पाणी ओतायचं उघडं तोंड: त्याला आणखी काय हवं? गेल्या पावसाळ्यात महापालिकेच्या ताई तपासणीला आल्या तेव्हा फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटली पाहून गेल्या, या कुंड्यांना पोटात टाकी असते हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मीच दाखवलं. तोंडाला आणि बाजूच्या जादा पाण्याच्या भोकाला बारीक जाळी बांधावी. पावसात जिथे झड येते तिथल्या कुंड्यांच्या टाकीचं, पाणी सोडायचं बूच जून ते सप्टेंबर काढूनच ठेवावं, चार महिने ती साधी कुंडी.

कोणती झाडं, हेही पुरवणीत सरसकट 'सर्व' असं होतं. कोरफड, जेड, अडेनियम यांना हा ओलावा मानवत नाही, ती मरतात. मोगऱ्याला कळ्या येण्याआधी थोडा ताण द्यावा लागतो, टाकीवर तो नुसता पाला करतो. पुदिना, अळू, पीस लिली, कर्दळ खुशीत असतात. मिरची-टोमॅटोही, पण रोप लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वरूनच पाणी घालायचं. मुळं खाली पोचलेली नसताना टाकी भरून गावी गेलात तर माझ्यासारखी तऱ्हा. वरती बोटभर जाड विटांचा चुरा पसरला की त्या बारीक काळ्या चिलटांचाही ताप कमी होतो. कोकोपीट दोन-तीन वर्षांनी पिठासारखं होतं, तेव्हा ते निथळायचं माप पुन्हा घ्यायचं आणि नापास झालं तर साध्या कुंड्यांना वाटून टाकायचं.

तर माझी मागणी लहानशी आहे. मे संपायच्या आत पुरवणीत चौकट टाकून एवढं छापा की टाकीवाल्या कुंडीत माती आणि शेणखत भरू नये. परवा मंडईत एक गृहस्थ आपल्या पुरवणीचं कात्रण हातात धरून शेणखताची गोणी मोजून घेत होते. त्यांना मी अडवलं, पण मी रोज मंडईत नसते. कुंड्या बनवणाऱ्यांनाही सांगणं आहे: डब्यावर झाडाचं चित्र छापता, त्याच्या शेजारी दोन ओळी आत काय भरायचं याच्या छापा. टोपणाचा रंग सहा प्रकारांत देता, तेवढं जमेल.

सांगलीची दोन पोती माती मी टाकलेली नाही. ती चिनीमातीच्या जुन्या वृंदावनात आहे, बुडाला भोक, टाकी वगैरे काही नाही. तिच्यात तिसरी तुळस लावली, ती गॅलरीच्या कठड्याएवढी झाली आहे. तिला रोज सकाळी तांब्याने वरून पाणी. यंदा गावी जाताना तांब्या आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन जाणार आहे.

कळावे,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
कोथरूड, पुणे

ता. क. नाव छापू नये ही विनंती. सोसायटीतली मुलं आधीच 'परातवाल्या आजी' म्हणतात.